एका नातीचे दोन नवस

महादेवरावांनी करवून घेतलेला त्रिशूळ लोहाराकडून आला, त्या दिवशी अर्धं गाव त्यांच्या अंगणात जमलं होतं. त्रिशूळ पुरुषभर उंच होता. दांडा अंगठ्याएवढा जाड, वरची तिन्ही पाती घासून चकचकीत केलेली. लोहारानं तो भिंतीला टेकवला आणि घाम पुसला.

"भाऊ, भरल्या घागरीएवढा झाला हा. बाईमानसाले झेपन काय?"

"झेपन नाही तं काय!" महादेवराव म्हणाले. "कापसाले असा भाव माह्या बापानं पायला नाही, माह्या आज्यानं पायला नाही. अशा सालात देवाले का टीचभर त्रिशूळ नेऊ?"

समुद्रापल्याड कुठेतरी गोऱ्या लोकांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि ती लढाई अजून थोडी चालावी असं अकोटच्या बाजारातल्या निम्म्या लोकांना मनातून वाटत होतं. महादेवरावांचं गाव अकोटपासून कोसभरावर. काळी कसदार जमीन, औंदा कापसाची पऱ्हाटी खांद्याला लागलेली. त्यामुळे त्रिशूळही तसाच झाला.

तो ज्यांच्या खांद्यावरून जायचा होता, त्या मनकर्णाबाई ओट्यावर बसून सुपातली डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा त्रिशुळाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुपात लक्ष घातलं.

नवस त्यांचा होता. त्यांची सून जमुना नांदायला येऊन पाच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. तेव्हा मनकर्णाबाईंनी सातपुड्यातल्या मोठ्या महादेवाला साकडं घातलं, की सुनेची कूस उजवली तर लेकराला घेऊन पायी येईन आणि चौरागडावर त्रिशूळ वाहीन. शिवरात्रीला वऱ्हाडातून गावोगावचे लोक जमावानं त्या डोंगरांकडे पायी जात. अशा जमावाला पोहा म्हणत. देव नवसाला पावला. जमुनाला मुलगी झाली. तिचं नाव वच्छला ठेवलं. मनकर्णाबाईंना तिन्ही मुलगेच, त्यामुळे घरात नात आली याचा त्यांना इतका आनंद झाला की मुलगा झाला असता तर तेवढा झाला असता की नाही, कुणास ठाऊक.

भानगड झाली ती बारशाला. पहिलं बाळंतपण चांदूरकडे, जमुनाच्या माहेरी. महादेवराव पाच दमण्या, हलक्या बैलगाड्या, जुंपून, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढवून गेले होते. पाळण्याची दोरी हातात घेऊन मनकर्णाबाई चारचौघींत म्हणाल्या, "माह्या नवसाची पोर हाय हे. मी बोलली होती चौरागडच्या शंभूले."

जमुनाची आई पार्वताबाई शेजारीच कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी कवा बोलल्या, इहीनबाई? चौरागडले तं मी बोलली. ओल्या पदरानं बोलली."

"तुमी बोलल्या असान. पन देवानं ऐकलं माहं."

"तुमचं ऐकाले देव का तुमच्या घरचा गडी हाय?"

बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. पानं वाढली होती. मनकर्णाबाई पाटावरून उठल्या त्या थेट दमणीत जाऊन बसल्या. तेव्हापासून दोघी विहिणींत शब्द नव्हता.

आता दोघींचेही नवस फेडायचे होते, आणि नात एकच होती.

पोह्याचा भगत किसनराव. बरीच वर्षं तोच गावाचा पोहा नेत आला होता. त्यानं देवळाच्या पारावर बसून सगळ्यांना नेम सांगितले. पायात काही घालायचं नाही. दिवसातून एकदाच शिजवून खायचं, आणि शिजेल ते सगळ्यांनी मिळून. ज्याचा नवस त्यानं आपला त्रिशूळ आपल्या खांद्यावर न्यायचा, आणि तो भुईला टेकू द्यायचा नाही. बसायचं झालं तर झाडाला उभा करायचा.

"अन् तोंडात त्याचंच नाव पाह्यजे," किसनराव म्हणाला. "हर हर महादेव!"

सगळे ओरडले. मनकर्णाबाई नुसतं "हर हर" म्हणाल्या. नवऱ्याचं आणि देवाचं नाव एकच, त्याला त्या तरी काय करणार! सगळ्या जन्मात ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. रोज दिवस कलला की मनकर्णाबाई आणि जमुना अनवाणी शेतात जात आणि कापलेल्या पऱ्हाटीच्या रानातून, ढेकळांवरून, खुंटांवरून फेऱ्या मारत. तळवे घट्ट व्हायला हवे होते. जमुनाच्या कडेवर वच्छला आणि मनकर्णाबाईंच्या खांद्यावर, सराव म्हणून, पाण्यानं भरलेली घागर. शेजारच्या शेतातल्या बायका काम सोडून पाहत. घरी ज्वारीचं पीठ दळून झालं, तिखट कुटून झालं, गुळाच्या ढेपा फडक्यात बांधून झाल्या. जमुनाचा नवरा खुशालराव कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला निघायच्या गडबडीत होता, त्याला यायला जमणार नव्हतं. जमुनाचं जेवणात लक्ष नव्हतं. सासूला वाटलं, एवढ्या चालण्याची धास्ती घेतली असेल.

पोहा निघाला. अंजनगावावरून एलिचपूरला, तिथून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं पुढे. रस्त्यानं समोरून कापसाच्या गाड्यांमागून गाड्या येत होत्या. गाडीवानांची तोंडं धुळीनं पांढरी, आणि तरी सगळे खुशीत. पोहा दिसला की ते गाड्या बाजूला घेत आणि "हर हर महादेव" म्हणत. मग त्यांची नजर मनकर्णाबाईंच्या त्रिशुळावर पडे.

"माय, हा कोनाच्या घरचा?"

"अकोटकडचा," मनकर्णाबाई ताठ मानेनं सांगत. सुरुवातीला मान खरोखरच ताठ होती. पुढे पुढे ती ताठ ठेवावी लागू लागली. लोखंड उन्हानं तापे. खांदा उजवा लाल झाला की डावा, डावा लाल झाला की पुन्हा उजवा. त्यांनी कुणाजवळ ब्र काढला नाही. फक्त एकदा, त्रिशूळ चिंचेच्या बुंध्याला टेकवताना, जमुनेनं त्यांना पुटपुटताना ऐकलं, "भाव कापसाले, अन् भार माह्या खांद्याले."

सालबर्डीला नदीकाठी मोठा मुक्काम होता. इथं निरनिराळ्या वाटांनी आलेले पोहे भेटत आणि पुढचा जंगलाचा रस्ता मिळून काढत. जमुना वच्छलाला पाण्यात पाय बुडवू देत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी पोरीला अलगद उचललं.

"माय!" जमुना ओरडली.

पार्वताबाई नातीच्या गालाला गाल लावून उभ्या होत्या. काटकुळ्या, उन्हानं रापलेल्या, कमरेला हातभर लांबीचा लहानसा त्रिशूळ खोचलेला. मायलेकी एकमेकींना बिलगल्या. मग पार्वताबाईंची नजर पलीकडे गेली. मनकर्णाबाई वडाला टेकवलेल्या त्रिशुळाशेजारी बसून खांद्यावर पाणी मारत होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनीही मान फिरवली.

तेव्हापासून जमुनाचे हाल सुरू झाले. पोहे एक झाले, चुली एक झाल्या.

"जमुने, तुह्या सासूले सांग, पोरीच्या डोक्याले ऊन लागून राहिलं."

"जमुना, तुह्या मायले सांग, मले डोळे हायेत."

दोघी हाताच्या अंतरावर असत. जमुना सांगतही नसे. कशाला सांगायचं, दोघींनाही सगळं ऐकू येत होतं. पुढे पुढे निरोप वच्छलाकडे जाऊ लागले. "वच्छे, तुह्या एका आजीले म्हना, भाकर करपून राहिली." वच्छला दोन दात दाखवून हसे आणि निरोप जिथल्या तिथे राही.

पण पार्वताबाईंचं लक्ष होतं. पहिले दोन-तीन मुक्काम त्यांना ती तारांबळ पाहून बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. आपला त्रिशूळ कमरेला खोचून त्या भराभर पुढे जात आणि वाटेच्या कडेला बसून मागून येणाऱ्या विहिणीची वाट पाहत, फक्त ती येताना दिसावी म्हणून. मग मुलताईच्या अलीकडे, एका चढावर, मनकर्णाबाईंचा पदर खांद्यावरून सरकला आणि पार्वताबाईंना तिथली कातडी दिसली. सोललेली, पाणी सुटलेली.

 समोरून मुलताईकडच्या दोन कापसाच्या गाड्या येत होत्या. पार्वताबाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊ, ओंजळभर कापूस दे."

"ओंजळभर?" गाडीवान म्हणाला. "माय, सध्या वजन करतानी बोंडाले लागलेली काडी बी कोनी सोडत नाही. मालक माही चामडी सोलन."

"मालकानं सोलली नाही न अजून? इथं एका बाईची सोलली. दे."

गाडीवानानं चढावर येणाऱ्या त्रिशुळाकडे पाहिलं, त्याखालच्या बाईकडे पाहिलं, आणि दोन्ही हात घालून कापूस काढून दिला. पार्वताबाई झाडाखाली बसल्या. त्यांनी सरकी वेचून काढली, अंगावरच्या जुन्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडली, तिच्यात कापूस भरला आणि दोऱ्यानं टाके घालून हातभर लांबीची गादी शिवली. मग ती जमुनाच्या हातात दिली.

"तुह्या सासूले दे. म्हनाव, गाडीत सापडली."

मनकर्णाबाईंनी गादी उलटसुलट करून पाहिली. टाके पाहिले, लुगड्याचा काठ पाहिला. समोर त्याच काठाचं लुगडं नेसून पार्वताबाई पाठमोऱ्या चालल्या होत्या. मनकर्णाबाईंनी गादी खांद्यावर ठेवली, त्यावर त्रिशूळ घेतला, आणि चालू लागल्या.

मुलताईला तापीच्या कुंडात सगळ्यांनी आंघोळी केल्या. पुढे गावं विरळ होत गेली आणि डोंगर दाट. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती, पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज येई. पळस पेटला होता. वऱ्हाडच्या सपाट रानात जन्म गेलेल्या बायका प्रत्येक वळणाला "माय वं!" म्हणत थांबत. बायका गाणी म्हणत, एकीनं उचलायचं आणि मागून सगळ्यांनी धरायचं, आणि वाघाचं भय वाटलं की गाणं आपोआप मोठं होई. वच्छला आता प्रत्येकाच्या कडेवरून जाऊन आली होती. सगळ्या पोह्याला ती "हल हल" म्हणून दाखवी.

जुन्नरदेवला देवाची पहिली पायरी लागली. तिथं नारळ फोडून पोहा तामियाच्या डोंगरांकडे वळला, आणि तिथल्याच एका चढावर जमुना मटकन खाली बसली. वच्छला कडेवर होती. जमुनेनं तिला कशीबशी शेजारच्या बाईकडे दिली आणि स्वतः वाटेच्या कडेला आडवी झाली. चेहरा पांढराफटक.

मनकर्णाबाई मागून येत होत्या. सुनेला पडलेली पाहून त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली, "महादेवा! अगा माह्या महादेवा, धाव रे!"

सबंध पोहा जागच्या जागी थांबला. गावातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी तोंडावर हात ठेवला. पण तो क्षणभरच. त्रिशूळ किसनरावाच्या अंगावर लोटून त्या धावल्या. पलीकडून पार्वताबाई धावल्या. एकीनं जमुनाचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं पाय.

"उन्हानं झालं," एक म्हणाली.

"उपाशी चालून राहिली पोरगी," दुसरी म्हणाली.

वाटेला लागूनच गोंडांची तीन-चार घरं होती. त्यातल्या एका घरातून एक म्हातारी पाण्याचा तुंबा घेऊन आली. हातावर गोंदण, केस कापसासारखे. तिनं जमुनाच्या तोंडावर पाणी मारलं, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, कानाशी वाकून काहीतरी विचारलं. जमुनेनं डोळे मिटूनच मान हलवली. म्हातारी हसली आणि घरातून ओंजळभर आंबट बोरं घेऊन आली. जमुना उठून बसली आणि सगळी बोरं, आठ दिवसांची उपाशी असल्यासारखी, खाऊ लागली.

"काहे घबराती हो?" म्हातारी दोघी विहिणींना म्हणाली. "बहू पेट से है."

दोघींनी जमुनाला दोन्हीकडून धरलं.

"अवं, कवापासून?" पार्वताबाईंनी विचारलं.

"संक्रातीच्या आंधीपासून," जमुना खाली मान घालून म्हणाली.

"अन् सांगितलं कावून नाही?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

जमुनेनं बी थुंकली. "कोनाले सांगू, आत्याबाई? तुमाले आंधी सांगतलं तं मायले राग. मायले आंधी सांगतलं तं तुमाले राग. अन् दोघींले सांगतलं तं तुमी मले आनलंच नसतं. मले याचं होतं."

 गोंड म्हातारी एकीकडून दुसरीकडे पाहत होती. "तुम दोनों सगी बहनें हो का?"

"बहीन नाही वं माय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "इहीन हाय हे माही."

इतक्या दिवसांत त्यांनी पार्वताबाईंविषयी काढलेला तो पहिला सरळ शब्द होता.

किसनराव म्हणाला की जमुनेनं इथंच म्हातारीकडे राहावं, परतताना घेऊन जाऊ. जमुना ऐकेना. "माह्या पायानं येतो. फक्त पोरगी आता मले उचलवत नाही." मग प्रश्न आला वच्छलाचा. चढ संपत नव्हता. पोरगी लठ्ठ होती आणि आई पडल्यापासून दोन आज्यांखेरीज कुणाच्याच कडेवर जाईना. पार्वताबाईंनी तिला घेतलं, पण दोन टेकाडं चढताच त्यांना धाप लागली. मनकर्णाबाईंचा खांदा आधीच गुंतलेला.

पार्वताबाई थांबल्या. त्यांनी त्रिशुळाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

"इहीनबाई," त्या सरळ मनकर्णाबाईंना म्हणाल्या, "तुमचा हा त्रिशूळ लांब हाय."

"हाय तं?"

"झोळी बांधता येईन याले."

मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी किसनरावाकडे पाहिलं. "नेम हाय न, भगतबुवा. ज्याचा नवस त्यानंच नेला पाह्यजे."

किसनरावानं डोकं खाजवलं. "नेम त्रिशूळ भुईले न टेकवायचा हाय. अन् ज्याच्यासाठी नवस केला थे लेकरूच त्याले लटकलं, तं देव का रागवन? मले तं नाही वाटत."

पार्वताबाईंनी गाठोड्यातलं दुसरं लुगडं काढून दांड्याला झोळी बांधली. गादीचे दोन भाग केले. पात्यांकडचं टोक मनकर्णाबाईंच्या खांद्यावर, मागचं टोक पार्वताबाईंच्या. मधे वच्छला झोळीतून डोकं बाहेर काढून बसली आणि चालू लागताच खदखदा हसली.

सुरुवातीला काही जमेना. एकीचं पाऊल लांब, एकीचं आखूड. झोळी घड्याळाच्या लोलकासारखी हलायची.

"हळू चाला न, बाई!"

"तुमीच ढकलून राहिल्या मले."

"डावा पाय आंधी टाका."

"माहा डावाच हाय हा!"

सबंध पोहा हसत होता. मग हळूहळू पावलं जुळली. झोळी स्थिर झाली, पोरगी झोपली, आणि पोरगी झोपलेली असल्यामुळे दोघींना हळू आवाजात बोलावं लागलं.

"एक इचारू?" मागून पार्वताबाई म्हणाल्या.

"इचारा."

"नवस कावून बोलल्या तुमी?"

मनकर्णाबाईंनी खांद्यावरची गादी सारखी केली. "लोक मांगं लागले होते. नंदा, जावा. पोराचं दुसरं लगन करा म्हने. मले जमुनाच पाह्यजे होती. मोठी गुनाची पोर हाय. तिच्यावर सवत आनून मी कोन्या तोंडानं जेवली असती? मंग देवाले म्हटलं, बाप्पा, आता तूच पाह्य."

मागून हुंदका ऐकू आला. मनकर्णाबाईंना वळून पाहता येईना, खांद्यावर दांडा होता.

"रडून राहिल्या काय?"

"नाही." पार्वताबाईंनी नाक ओढलं. "मी बी त्याच्यासाठीच बोलली होती. मले वाटे, तुमीच सवत आनता. रातंदिवस भेव. तुमच्याच भेवानं नवस केला मी, इहीनबाई."

"माह्या भेवानं?"

"हो."

मनकर्णाबाई आधी फुसकन हसल्या. मग पार्वताबाईही हसल्या. दांडा गदगदा हलू लागला. झोळी हलली, वच्छला जागी होऊन रडायला लागली, तरी दोघींना हसू आवरेना. पुढे चाललेल्या जमुनेनं मागे वळून पाहिलं. सासू आणि आई डोळे पुसत, धापा टाकत, वाटेत उभ्या होत्या आणि त्रिशूळ मात्र भुईला टेकू देत नव्हत्या.

शिवरात्रीच्या दिवशी त्यांनी भूराभगताच्या देवस्थानापाशी देनवा नदी ओलांडली आणि चौरागड चढायला लागल्या. वर जाणाऱ्या माणसांची रांग मुंगळ्यांसारखी डोंगराला चिकटली होती. कुणी लोटांगण घालत, कुणी डफ वाजवत. किती तऱ्हेच्या बोली कानावर पडत होत्या. जमुना रिकाम्या हातानं, थांबत थांबत, पदराला बांधलेली बोरं खात चढली. शेवटच्या टप्प्यावर वारा इतका होता की पदर आवरेना. आणि मग माथा आला. चारी बाजूंना निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि समोर उभे, आडवे, गंजलेले, नवे, बोटभर आणि पुरुषभर असे त्रिशूळच त्रिशूळ, जणू डोंगरावर लोखंडाचं पीक आलं होतं.

मनकर्णाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना आपला त्रिशूळ एकाएकी काही फार मोठा वाटेना. त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्यांनी वच्छलाला झोळीतून काढलं.

"तुमचा आंधी वाहा," त्या पार्वताबाईंना म्हणाल्या.

"नाही, नाही. तुमी सासरच्या. मान तुमचा."

"पोर तुमच्या घरी झाली. तुमचा आंधी."

"असं कसं? एवढा भार आनला तुमी."

"भार का मी एकटीनं आनला?"

मागे रांग खोळंबली. किसनराव म्हणाला, "बायांनो, खाली भांडल्या थे बरं होतं. आता वाहा कोनाचा बी!" शेवटी जमुनेनंच एका हातानं लहान त्रिशूळ घेतला, दुसरा हात मोठ्या दांड्याला लावला, आणि तिघींनी मिळून दोन्ही एकदमच उभे केले. वच्छलाचं कपाळ देवाच्या पायरीला टेकवलं. तिनं पायरीवरचं बेलाचं पान उचलून तोंडात घातलं.

मनकर्णाबाई हात जोडून, डोळे मिटून बराच वेळ उभ्या होत्या. ओठ हलत होते. शेजारी पार्वताबाईंचेही हलत होते. जमुनेनं दोघींकडे पाहिलं आणि तिला संशय आला.

"आत्याबाई! माय! काय बोलून राहिल्या तुमी?"

"काही नाही वं. पाया पडून राहिली."

"यावेळी नवस नाही बोलायचा. कोनीच नाही. द्याचं थे देव देईन." ती पोटावर हात ठेवून म्हणाली. सासूशी ती इतक्या धिटाईनं कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच नवल वाटलं.

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जोडलेले हात खाली घेतले. पण डोंगर उतरताना पार्वताबाई हळूच म्हणाल्या, "तुमी बोलल्या काय?"

"अर्धाच बोलली होती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात हिनं टोकलं."

परतीची वाट हलकी होती. सालबर्डीला नदीकाठी पुन्हा मुक्काम पडला. इथून पोहे फुटायचे होते. पार्वताबाईंचा पोहा मोर्शीवरून अमरावती आणि चांदूरकडे, मनकर्णाबाईंचा एलिचपूरकडे. गाठोडी बांधून झाली, आणि कुणीच उठेना.

"बाळंतपनाले जमुनेले पाठवजा," पार्वताबाई म्हणाल्या.

"कशी पाठवू? पह्यलं माहेरी झालं. दुसरं सासरी असते."

"मी तिची माय हावो."

"अन् मी कोन हावो?"

जमुनेनं डोळे मिटले. आता पुन्हा सुरू, तिला वाटलं. पण मनकर्णाबाई उठल्या आणि पार्वताबाईंचं गाठोडं त्यांनी उचलून काखेत मारलं.

"तुमीच चाला न आमच्या घरी. आता चार दिस राहा. पेरनीले जाजा घरी, अन् मंग भादव्यात या बाळंतपनाले."

"लेकीच्या घरी येवढी राह्यली तं लोक काय म्हनतीन?"

"लेकीच्या घरी कोन राहा म्हनते? इहीनीच्या घरी राहा."

पार्वताबाईंनी आपल्या पोह्यातल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. "भाऊ, आमच्या घरी सांगजा. म्हना, इहीनीनं धरून नेलं."

एलिचपूरला महादेवराव दमणी घेऊन सामोरे आले होते. झाडाखाली बैल सोडून ते वाटेकडे डोळे लावून उभे होते. पोहा दिसला. त्यात बायको दिसली, सून दिसली, नातही दिसली. आणि नात जिच्या कडेवर होती, तिला पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी घाईघाईनं पागोटं सारखं केलं.

"काय झालं?" ते बायकोला बाजूला घेऊन म्हणाले. "ह्या कावून आल्या? भांडन झालं काय?"

"लय झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आंधी आमाले पानी द्या, मंग सांगतो."

त्यांनी पाणी दिलं. बायका पाणी प्यायल्या, पाय धुतले, आणि दमणीत चढल्या. जमुना एका बाजूला टेकून बसली, समोर दोघी विहिणी, मधे वच्छला, पायाशी गाठोडी. महादेवराव चढायला गेले तर जागाच उरली नव्हती. त्यांनी जरा वेळ वाट पाहिली. कुणी सरकलं नाही. मग त्यांनी कासरा हातात घेतला आणि बैलांच्या बाजूनं पायी चालू लागले. मागे दमणीत काहीतरी कुजबूज झाली आणि तिघीही एकदम हसत सुटल्या.

"काय म्हनून राहिल्या वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आतून उत्तर आलं. "तुमी चाला."